तारा एकदम उतरवू नका

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चि.,

पुढे ‘सौ.’ लिहायला पेन गेलं आणि हवेतच थांबलं. कागदांवर सह्या होऊन आठ महिने झाले. आता तुझ्या नावाआधी काय लावायचं हे मला कोणी सांगितलेलं नाही. वकिलांना विचारलं तर ते चष्म्यावरून बघतील. ‘श्रीमती’ लिहिलं असतं तर मुख्याध्यापिकेला रजेचा अर्ज केल्यासारखं झालं असतं. म्हणून नुसतं चिरंजीव. तेवढं तरी कुठल्या कागदाने जात नाही.

तुझं पत्र मिळालं. ‘आजच मिळालं’ असं लिहिणार होते, पण माझं खोटं तुला दोन ओळींत कळतं. पंधरा जानेवारीला मिळालं. तेव्हापासून ते बटणांच्या डब्यात आहे, कारण त्या डब्याला या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी मात्र रोज लावते. गेल्या तीन आठवड्यांत मी जेवढी बटणं शोधली तेवढे माझ्याकडे शर्टसुद्धा शिवायला आले नाहीत.

तू लिहिलेलं सगळं समजलं. तिथलं उसनं वाद्य मार्चअखेर परत द्यायचं आहे. चौदा एप्रिलला परीक्षा आहे, त्यात निवड झाली तर त्या वाद्यवृंदात कायमची खुर्ची, नाही तर पुन्हा आज या दारात, उद्या त्या दारात. आणि परीक्षा तुला स्वतःच्याच वाद्यावर द्यायची आहे, कारण ‘माझा हात तिलाच ओळखतो.’ दोनदा वाचलं हे वाक्य. मग तीन आठवडे गप्प का बसले?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा टेम्पोतून आधी ती उतरली होती. माणसाहून उंच, चार जाड तारा, व्हायोलिनची पणजी शोभेल अशी. डबल बास म्हणतात हे मला नंतर कळलं. मी दारातच विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, ‘आई, मला जाऊ नाही ना, म्हणून येतानाच घेऊन आले. या माझ्या थोरल्या जाऊबाई.’ तेव्हापासून जाऊबाईंनी कोपरा धरला तो धरलाच. आता जाऊबाई इथे उभ्या आहेत तोवर तुझं या घरात काहीतरी आहे. त्या गेल्या की तू पूर्ण गेलीस. म्हणून गप्प बसले. दुसरं काही कारण नाही, आणि हे कारण काही बरं नाही, हेही मला कळतं.

आमच्या दुसऱ्या, पोटच्या चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, ‘पाठवायचं तर पाठव, मला विचारू नको. पाठवायचं नसेल तरी विचारू नको.’ झालं. घरात दोनच माणसं आणि त्यातलं एक भिंत.

तर आज सकाळी मी टेप गळ्यात घातली आणि जाऊबाईंची मापं घेतली. प्रवासासाठी आतून जाड अस्तराचा कोट शिवणार आहे. उंची एकाहत्तर, खांदे वीस, कंबर साडेचौदा, खाली सव्वीस इंच. चाळीस वर्षांत अशी कंबर माझ्या टेबलापुढे उभी राहिली नाही. हात वर करा म्हणावं लागलं नाही, श्वास रोखून ठेवायचा नाटकीपणा नाही. गिऱ्हाईक असावं तर असं.

फोन करत नाही. ‘फोन नको आई, तुमचा आवाज ऐकला तर मी इथे टिकणार नाही,’ असं तू जाताना म्हणाली होतीस. मी पाळते. पत्र तिकडे पोचायला बारा दिवस लागतात. तेवढे दिवस मी काय लिहिलं ते आठवत बसते.

आई
(दुसरा काही शब्द लिहायचा असेल तर कळव.)

११ फेब्रुवारी, बुधवार

चि.,

कोट बेतला. बाहेरून जाड कॅनव्हास, आत दोन पदरी गोधडी, मधे जुन्या ओव्हरकोटाचं अस्तर. मानेपाशी चेन लावली नाही, चेनचे दात लाकडाला लागतील म्हणून बंद शिवले. बेतताना कात्री चालेना. कात्रीला धार लावून आणली, तरी चालेना. मग लक्षात आलं, कात्री बरी आहे, हात ओढत नाहीये.

सुतार खोक्याचं माप घ्यायला आला. कोपऱ्यातली चादर बघून म्हणतो, ‘काकू, आत कोण आहे?’ मी म्हटलं, ‘माझ्या सुनेची जाऊ.’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला पटकन चादर काढून दाखवावी लागली. माणूस मात्र कामाचा आहे. म्हणाला, ‘हिचं वजन मानेवर येता कामा नये. मानेखाली लाकडाचा आधार देतो, वर तुम्ही उशी शिवा.’ माझ्या मनातलं बोलला. खोकं सोमवारी येईल. ट्रक चोवीस तारखेला, मंगळवारी. तिथून बंदर, मग जहाज. सामान पाठवणारा म्हणतो, मार्च संपायच्या आत तुझ्या दारात. लोखंडी पेटाऱ्यात ओल धरू नये म्हणून पुड्या ठेवतात, त्या मी डझनभर आणल्या. बुटांच्या खोक्यात निघतात तशा, फक्त मोठ्या.

तुझी सूचनांची यादी मशीनच्या वर भिंतीला टाचली आहे. सहाही मुद्दे पाठ झाले. तिसरा मुद्दा: ‘तारा उतरवा, पण एकदम उतरवू नका.’ किती शहाणी आहेस! कुठलीच गोष्ट एकदम करू नये. घाई केली की शिवणही उसवते. म्हणून मी शनिवारपासून रोज संध्याकाळी काम आवरलं की जाऊबाईंपुढे स्टूल घेऊन बसते आणि एकेका खुंटीला चार-चार फेरे देते, हळूहळू, चारही तारांना सारखे. पोराचा कान पिळतात ना, त्याच्या उलट. रोज आवाज थोडा थोडा खाली येतो. काल सगळ्यात जाड तार छेडली तर म्हाताऱ्या माणसाने झोपेत हुंकार द्यावा तशी वाजली. अजून चार दिवसांत पूर्ण उतरतील.

त्या स्टुलावर बसलं की तुझा सराव आठवतो. तू पलीकडच्या खोलीत, मी इकडे पायाच्या मशीनवर, मधे अर्धं उघडं दार. नऊ वर्षं. तू थांबलीस की मी पाय थांबवायची, मी थांबले की तू. माझ्या खडखडाटाचा तुला त्रास होत असणार, पण तू कधी बोलली नाहीस.

शेवटच्या दिवशी तुम्ही दोघं आत काय बोललात ते मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. हे तुला कधीचं सांगायचं होतं.

आई

१६ फेब्रुवारी, सोमवार

चि.,

खोकं आलं. छान झालंय. कोटही तयार आहे. बंद जरा लांब झालेत, पण आखूड होण्यापेक्षा बरं. हवा कोरडी आहे. चिरंजीव ठीक आहेत, सर्दी आहे थोडी.

सहज विचारते. जाऊबाईंच्या पोटात काही सुटं असतं का? म्हणजे मुळातच? विशेष काही नाही. पत्र तिकडे पोचून तुझं उत्तर येईपर्यंत ट्रक जाऊन जहाजही सुटलेलं असेल, तेव्हा उत्तराची घाई नको.

काळजी करू नको.

आई

१८ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाई,

आज ‘चि.’ नाही. चूक कबूल करायची असली की माणसाला हक्काची हाक लागते.

परवाचं पत्र निव्वळ फसवणूक होतं. रविवारी संध्याकाळी मी शेवटचे फेरे दिले. तारा लोंबायला लागल्या. तारांखालची लाकडी घोडी माझ्या हातात आली. मला वाटलं, असंच होत असणार, मी ती फडक्यात गुंडाळून ठेवली. आणि मग आत, पोटात, काहीतरी ‘टक्’ करून पडलं. मी तिला जरा तिरकी केली. इकडून तिकडे काहीतरी घरंगळलं. सूनबाई, मी तिला तशीच सरळ केली आणि वर चादर टाकली. सोमवारभर मी स्वतःला समजावलं की ते आधीपासूनच असेल. सुतार खोकं घेऊन आला तर त्याला म्हटलं, ठेव आणि जा.

फोन उचलला होता. आकडे सगळे दाबले, शेवटचा राहिला. काय सांगणार होते? तुझा हात जिला ओळखतो तिला मी मारून टाकलं?

काल वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे गेले. तू गजाचे केस बदलायला ज्यांच्याकडे जायचीस ते. जाऊबाईंना त्यांनी कधी ऐकलेलं नाही, फक्त तुझा गज त्यांना माहीत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, छताला व्हायोलिनं टांगलेली. मी घडलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘ताई, तारा सगळ्या उतरवल्यात?’

‘हो. पण अगदी हळूहळू. आठ दिवस घेतले.’

त्यांनी डोक्याला हात लावला. ‘अहो, आत एक काठी असते. पेन्सिलीहून जरा जाड. ती चिकटवलेली नसते. पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसती उभी असते. तारांचा ताण घोडीवर, घोडीचा फळीवर, म्हणून ती उभी राहते. ताण गेला की पडली. आठ दिवसांत काढा नाहीतर आठ मिनिटांत.’

‘पण सुनेनेच लिहिलंय!’ म्हणून मी तुझी यादी त्यांच्यापुढे धरली. भिंतीवरून टाचणीसकट उपटून नेली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली.

‘बरोबर लिहिलंय तिने. एकदम उतरवू नका, म्हणजे पूर्ण उतरवू नका. तुम्ही वाचलंत, घाईने उतरवू नका.’

एकदम. एवढासा शब्द, जन्मभर वापरला, आणि शेवटी त्यानेच दगा दिला. घरी येताना रस्त्याने तोच घोळवत होते. तू गेलीस तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं, ‘एकदम गेली हो.’ त्यातसुद्धा बहुतेक दोन्ही अर्थ होते, मी एकच धरला होता.

काठी परत उभी करता येते. पण खरी गोम पुढे आहे. मास्तर म्हणाले, ती केसभर इकडे तिकडे झाली तरी आवाज बदलतो. आधी कुठे उभी होती याची खूण आत दिसली तर ठीक, नाहीतर आवाज ऐकून ऐकून जागा शोधायची. ‘आणि तो आवाज मी ऐकलेला नाही. कोणी ऐकलाय?’

मी म्हटलं, मी.

ते शुक्रवारी घरी येणार आहेत. मंगळवारी ट्रक. मला झोप नाही.

आई

२१ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाई,

काल मास्तर आले. हातात एक वाकडी लोखंडी पट्टी, दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी. जाऊबाईंना माझ्या कापण्याच्या टेबलावर आडवं निजवलं. पोटावरच्या त्या दोन वाकड्या भोकांतून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, ‘खूण पुसट आहे. दोन दिसतायत. एक जुनी, एक त्याहून जुनी. यातली तुमच्या सुनेची कुठली, देव जाणे.’

काठी पट्टीच्या टोकाला टोचून आत घातली, आरशात बघत उभी केली. घोडी बसवली, तारा चढवल्या. मग तिला उठवून उभं केलं आणि एकेक तार छेडली. ‘हा?’

मी डोळे मिटले. कान लावला. आणि मला काही म्हणजे काही कळेना. आवाज चांगला होता. पण तो तुझा होता का? खोली इतकी शांत होती की मला तो ओळखताच येईना. मास्तरांनी काठी सरकवली, पुन्हा छेडली. ‘हा?’ पुन्हा तेच. चार वेळा. त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं, बाईंनी फुशारकी मारली.

मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी जाऊबाईंना शांततेत कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘मास्तर, तुम्ही तिला पलीकडच्या खोलीत न्या. दार अर्धं लावा.’ आणि मी माझ्या जागी येऊन बसले, एक फडकं सुईखाली सरकवलं, आणि मशीन चालू केलं.

सूनबाई, लगेच कळलं! माझ्या खडखडाटाच्या खालून तुझ्या तारा यायच्या ना, तशा शोधल्या, तर वरच्या तीन बरोबर जागी सापडल्या. मी इथून ओरडत होते, ‘जरा तुमच्याकडे! पुन्हा मागे! हां, हां, तिथेच!’ मास्तर तिथून ओरडत होते, ‘ताई, पाय थांबवा, मला ऐकू येत नाही!’ मी म्हटलं, पाय थांबवला तर मला ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून वाकून बघून गेली.

सगळ्यात जाड तार तेवढी बसेना. सगळं बरोबर आणि तिच्यात काहीतरी कमी. काय कमी ते मला सांगता येईना.

‘अजून थोडी बाहेर घ्या.’

मागून आवाज आला. चिरंजीव. ऑफिसातून लवकर आले होते, सर्दी म्हणून. बूट पायात तसेच, पिशवी खांद्यावर. मी म्हटलं, ‘तुला रे काय कळतंय त्यातलं?’ तो शेजारच्या तुमच्या खोलीत गेला आणि कपाटाच्या दारावर तळवा सपाट ठेवून उभा राहिला. ‘वाजवा.’ मास्तरांनी छेडली. ‘नाही. ती तार वाजली की हे दार थरथरून हाताला लागायचं. अजून बाहेर.’

तीन वेळा सरकवली. तिसऱ्या वेळी त्याने काही सांगितलं नाही, हातही काढला नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मशीन थांबवलं.

नऊ वर्षं मला वाटत होतं, हा दार लावून घेतो ते त्याला आवाज नको म्हणून. तो आत कपाटाला हात लावून उभा राहत होता हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं का? नंतर तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मी हाक मारली नाही.

मास्तरांनी जाताना सांगितलं, तारा जराशाच सैल केल्यात, काठी धरून राहील एवढ्या. ‘ताण असू द्या ताई. लोकांना वाटतं, ताण काढला की वस्तू सुखरूप. हिचं उलटं आहे.’

आई

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाई,

जाऊबाई निघाल्या. अकरा वाजता ट्रक आला. त्याच्याबरोबरची दोन माणसं खोकं जिन्यावरून ओढायला लागली तशी चिरंजीवांनी त्यांना बाजूला केलं आणि मानेकडची बाजू स्वतः धरली. दोन मजले. वळणावर त्याचा हात भिंतीला घासून सोलवटला. मी म्हटलं, सांभाळून, तर म्हणतो, ‘मी नाही, ती सांभाळायचीय.’

खोक्यावर ‘ही बाजू वर’ असं त्यानेच रंगाने लिहिलं, चारही बाजूंना, बाण काढून. पत्ता लिहायची वेळ आली तशी मी तुझं पाकीट आणायला आत गेले. बाहेर आले तर त्याचा लिहून झाला होता. घर क्रमांकासकट. मी पाकीट पदराखाली लपवलं.

घर आता मोठं झालंय. कोपऱ्यात धुळीत एक स्वच्छ गोल आहे आणि त्याच्या मधोमध फरशीला तो खड्डा, तिच्या खालच्या लोखंडी दांड्याने पडलेला. त्या खड्ड्यावरून मी तुला बोलले होते, आठवतं? नव्या फरशीचं वाटोळं केलंस म्हणून. आज खाली बसून त्यात बोट घालून पाहिलं. करंगळीचं टोक मावतं. सूनबाई, मला तुझी फार आठवण येते. हे लिहिल्यावर कागद फाडायचा असं ठरवलं होतं, पण फाडत नाही.

आता ते दुसरं खोटं. अकरा तारखेच्या पत्रात लिहिलं, शेवटच्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं. सगळं आलं होतं. तो म्हणाला, ‘या घरात एक तर ते धूड राहील नाहीतर मी.’ त्याला नोकरी सोडून तुझ्यामागे परक्या गावी जायचं नव्हतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण सरळ बोलेल तर तो आमच्या घरचा कसला. आणि तू म्हणालीस, ‘थांब. आईंना विचारूया.’

तू दारापर्यंत आलीस. मी तुझी सावली फरशीवर पाहिली. आणि मी पाय जोरात मारला. खाली शिवण कधीच संपली होती, तरी मारत राहिले. तू क्षणभर थांबलीस आणि परत आत गेलीस. दोन दिवसांनी घरातून गेलीस.

मी तुझ्या बाजूने बोलले असते तर तो दुखावला असता. त्याच्या बाजूने बोलले असते तर तू. मला वाटलं, आपण मधे न पडलेलं बरं, आपोआप सैल होईल. या घरात मी आयुष्यभर तेच केलंय, कोणाचा आवाज चढला की विषय बदलायचा, पंखा लावायचा, मशीन चालवायचं. तू मला विचारायला आली होतीस. मी म्हणायला हवं होतं, ‘तू जा. आणि अरे गाढवा, तूही तिच्याबरोबर जा.’ दीड वर्ष उशीर झालाय, पण उत्तर माझं हेच होतं.

आता महिनाभर ती समुद्रावर. वारा सुटला की मी खिडकी लावते, इथे लावून काय उपयोग आहे कोण जाणे.

आई

३० मार्च, सोमवार

सूनबाई,

काल फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू म्हणशील, बोलायचंच काय होतं, पाऊण तासात आपण चार वाक्यं बोललो. पण तुला इथलं दिसत नव्हतं. ते सांगते.

फोन वाजला तेव्हा मी शर्टाची कॉलर लावत होते. ‘आई, पोचलं,’ तू म्हणालीस. दीड वर्षाने तुझा आवाज, आणि त्यात एवढंच. मी म्हटलं, ‘काठी?’ तू म्हणालीस, ‘उभी आहे. तारा चढवल्यात. ऐका.’ मग तू फोन कुठेतरी ठेवलास, खुर्चीवर असेल. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी मशीनवरचे पाय खाली घेतले. पंखा बंद केला. खिडकी लावली. चिरंजीव स्वयंपाकघरात पाणी पीत होते, त्यांना हातानेच गप्प केलं. श्वाससुद्धा बेताने घेत होते. तू सुरू केलंस. तेच, रोज संध्याकाळी पहिलं वाजवायचीस ते, वरून खाली येणारं. दोन ओळी झाल्या आणि तू थांबलीस. मला वाटलं, संपलं. काठी चुकली. माझ्यामुळे तुझी परीक्षा गेली.

तुझी पावलं आली, तू फोन उचललास. ‘आई, मशीन का बंद आहे?’

‘तुला त्रास नको म्हणून.’

मी दोनदा ‘ऐकतेयस ना’ म्हटलं. मग म्हणालीस, ‘त्रास? नऊ वर्षं मी तुमच्या पायावर लय धरत होते. इथे किती साधनं आणली, टिकटिक करणारी, मला एकही पटलं नाही. चालू करा.’

चोवीस तारखेचं माझं पत्र तुला मिळालेलं आहे, हे मला माहीत होतं. त्यात मशीनबद्दल मी काय लिहिलं होतं, हेही माहीत होतं. आणि तू म्हणालीस, चालू करा. त्यानंतर मला बोलता येणं शक्यच नव्हतं.

कॉलर मी फोन वाजताच ओढून बाजूला फेकली होती. कुठे पडली ते दिसेना, डोळे धड नव्हते. फोन मशीनशेजारी ठेवला आणि पाय मारला. तू लगेच उचललंस, जिथे सोडलं होतंस तिथूनच. सगळ्यात जाड तार तू तीनदा लांबवलीस. ती कोणासाठी ते मी विचारणार नाही. फक्त सांगते, मी मागे वळून पाहिलं तर तुमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तो कपाटाला तळवा लावून उभा होता. फोनवरून कपाटाला काय लागणार? तरी उभा होता. तू संपवेपर्यंत.

परीक्षेच्या दिवशी, चौदा तारखेला, तुझ्याकडे सकाळचे दहा वाजतील तेव्हा मी मशीनवर बसलेली असेन. ऐकू येणार नाही, पण बसलेली असेन.

एक राहिलं. कापड नसताना मशीन चालवू नये, खालचा दोरा गुंततो, दात खराब होतात, हे तुला मीच शिकवलं होतं, आणि एकदा विसरलीस म्हणून रागावलेही होते. काल पाऊण तास मी पाय मारत होते ना, सुईखाली काही नव्हतं, सूनबाई.

आई